आरडीची मुदत भरली, आता पैसे कुठं ठेवायचे?

आरडीची, म्हणजे दर महिन्याला हप्ता भरायच्या ठेवीची, मुदत भरत आली की ती बातमी घरातल्या माणसांच्या आधी गावाला कशी लागते, हे मला चौदा वर्षांत उमगलेलं नाही. मेहुण्याला नेमकं तेव्हाच बोअर पाडायचं असतं. विम्यावाला कागद घेऊन ओट्यावर येऊन बसतो. पतसंस्थेत कामाला असलेला ओळखीचा पोरगा "मावशी, आमच्याकडं बारा टक्के" म्हणतो. जिनं साठ महिने पोटाला चिमटा काढून हप्ते भरले, तिला मात्र कुणी विचारत नाही.

मी लातूरकडं औसा तालुक्यात अल्पबचतीची एजंट आहे. एजन्सीचं सरकारी नाव 'महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना'. लोक आपलं "पोस्टातल्या बाई" म्हणतात. ज्यांची पहिलीच आरडी पूर्ण होतीय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. पण आधी माझ्या पोटापाण्याचं सांगून टाकते. तुमच्या आरडीवर मला चार टक्के कमिशन मिळतं. ते सरकार देतं, तुमच्या पैशातून कापलं जात नाही. टीडी (पोस्टाची मुदत ठेव), एमआयएस (मासिक उत्पन्न योजना), एनएससी (राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र), किसान विकास पत्र आणून देणाऱ्या एजंटाला अर्धा टक्का मिळतो. पीपीएफ आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेवरचं कमिशन डिसेंबर २०११ पासून बंद आहे. आता सगळ्यात जास्त व्याज देणाऱ्या ज्येष्ठांच्या योजनेचं नाव एजंटाच्या तोंडून सहसा का ऐकू येत नाही, ते लक्षात आलं असेल. पुढं मी जे सांगेन ते हे ध्यानात ठेवूनच वाचा.

उदाहरणाला आमच्याच गल्लीतल्या एक काकू घेते. त्यांनी मार्च २०२१ मध्ये महिना तीन हजारांची आरडी उघडली. मुदत मार्च २०२६ ला भरली. तीन एकर सोयाबीन, दोन म्हशी, नवरा एकसष्टीचा, धाकटा पोरगा लातूरला बारावीच्या क्लासला. तुमची आकडेमोड वेगळी असेल, पण तिची चाल हीच राहील.

आधी पासबुक वाचा, मग बाकीचं

हप्ता भरल्यावर एजंट सही करतो ते एक कार्ड असतं, आणि पोस्टात छापून मिळतं ते पासबुक वेगळं. दोन्ही समोर ठेवा आणि पासबुकातले हप्ते मोजा. साठ भरायला पाहिजेत. कार्डावर सही आहे आणि पासबुकात नोंद नाही, असं एकदा जरी दिसलं तरी एजंटाला न विचारता थेट पोस्टमास्तरकडं जा. मी एजंट असून हे सांगतेय, कारण फसवणुकीच्या सगळ्या कहाण्या इथंच सुरू होतात. पासबुक दर दोन-तीन महिन्यांनी स्वतः जाऊन छापून आणलं की अर्धी काळजी मिटते.

मधे हप्ते चुकले असतील तर दर महिन्याला शंभराला एक रुपया दंड लागलेला असतो. चारपर्यंत हप्ते चुकले असतील, तर तेवढे महिने मुदत पुढं ढकलून घेता येते.

आता व्याज. पोस्टाच्या आरडीचा दर खातं उघडलं त्या दिवशी जो असेल तोच पाच वर्षं राहतो. एप्रिल २०२० ते मार्च २०२३ दरम्यान उघडलेल्या खात्यांना ५.८ टक्के आहे. नंतर तो ६.२, मग ६.५ झाला, आणि ऑक्टोबर २०२३ पासून ६.७ आला. काकूंची आरडी जुन्या दराची. भरलेले १,८०,००० आणि व्याज २९,०९०, मिळून हातात २,०९,०९०. हीच आरडी ६.७ ची असती तर २,१४,०९७ आले असते.

"वाढवून टाका" म्हणाले तर थांबा

मुदत भरल्यावर आरडी अजून पाच वर्षं वाढवता येते. खिडकीवरचा बाबू सांगतो, एजंटही सांगतो, कारण सगळ्यांनाच ते सोपं. एक अर्ज दिला की झालं. पण वाढवलेल्या आरडीला खातं उघडतानाचा जुनाच दर लागतो, हे कुणी सांगत नाही. म्हणजे काकूंचे दोन लाख नऊ हजार पुढंही ५.८ नेच चालणार, आणि बाजूच्याच खिडकीवर पाच वर्षांच्या टीडीला ७.५ टक्के मिळतात. एवढ्या रकमेवर वर्षाला साडेतीन हजारांच्या वर फरक पडतो. डीएपी खताचं पोतं घेताना एकेक नोट मोजणाऱ्या घरात साडेतीन हजार म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको.

म्हणून २०२८ च्या मार्चपर्यंत मुदत भरणाऱ्या ५.८ वाल्या आरड्या बंद करा, आणि हप्त्याची सवय ठेवायची असेल तर नवीन उघडा. उलट, आज ६.७ ने उघडलेली आरडी पाच वर्षांनी पूर्ण होईल, आणि तोवर दर उतरलेले असतील, तर हीच वाढवायची सोय तेव्हा सोन्याची ठरेल. नियम तोच, फक्त दराकडं बघून वापरायचा.

नुसतं पडू देणंही बरं नाही. मुदत संपून तीन वर्षांत बंद न केलेली अल्पबचत खाती पोस्ट गोठवतं. मग ती उघडून घ्यायला कागदपत्रांसह परत चकरा. आरडी बँकेतली असेल तर पैसे आपोआप तुमच्या बचत खात्यात येऊन पडतात, मोठ्या बँकांमध्ये अडीच टक्क्यांच्या आसपास व्याजावर. आणि बचत खात्यातल्या पैशाला पाय असतात. एटीएम कार्ड पोराकडं असेल तर चारही.

व्याज "शेकड्या"त मोजून बघा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, आणि नेमकी हीच लोक गाळतात.

आपल्याकडं उसनवारीचं व्याज वर्षाच्या टक्क्यात कुणी बोलत नाही. "दोन रुपये शेकडा", "तीन रुपये शेकडा" असं महिन्याचं बोलतात. बँक आणि पोस्ट वर्षाचं बोलतात. दोन भाषा वेगळ्या असल्यामुळं माणूस फसतो. "पोस्ट साडेसात देतंय आणि सावकार तीनच घेतोय" असं मला एका शहाण्यासुरत्या माणसानं ऐकवलं होतं. तीन रुपये शेकडा म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. पोस्टाचे साडेसात टक्के शेकड्यात मोजले तर महिन्याला साडेबासष्ट पैसे होतात. एकीकडं साडेबासष्ट पैसे कमवायचे आणि दुसरीकडं तीन रुपये द्यायचे, असा धंदा कुणी करील का?

काकूंनी मागच्या दिवाळीपासून सावकाराचे चाळीस हजार तीन रुपये शेकड्यानं घेतलेले होते. महिन्याला बाराशे, वर्षाला चौदा हजार चारशे. पाच वर्षं पै-पै साठवून आरडीनं जे २९ हजार व्याज दिलं, ते हा एक व्यवहार दोन वर्षांत गिळतो. म्हणून आरडीतले पहिले चाळीस हजार तिकडं गेले. भारतात कुठलीच सरकारी ठेव छत्तीस टक्के देत नाही. महागडं कर्ज फेडणं हीच सगळ्यांत जास्त व्याजाची आणि बिनजोखमीची गुंतवणूक. त्या दिवशी हातउसन्याची चिठ्ठी परत घ्या, कोरा चेक दिला असेल तर तोही, आणि ते तिथंच फाडा.

पीककर्जाचं मात्र उलटं आहे. ते वेळेवर भरलं तर महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंत व्याज शून्य पडतं. त्यामुळं आरडी मोडून पीककर्ज महिनोन् महिने आधी भरायची घाई नको, पण ३१ मार्चची तारीख चुकवू नका. थकलं की सवलत गेली. सोनं गहाण असेल, फायनान्सवर गाडी किंवा मोबाईल असेल, तर त्याचाही दर शेकड्यात काढून बघा. रुपयाच्या वर निघाला की आधी ते.

पैसे कधी लागणार, हे कॅलेंडरवर लिहा

लोक विचारतात, "सगळ्यात जास्त व्याज कुठं?" मी विचारते, "पैसे कधी लागणार?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यावर ठरतं.

आपल्याकडं पैशाला मोसम असतात. जूनमध्ये बी-बियाणं, खत, आणि त्याच महिन्यात शाळा-क्लासची फी. सोयाबीन लातूरच्या आडतीत जाऊन पैसे यायला दसरा-दिवाळी उजाडते. येळवस (वेळा अमावस्या) झाली की हरभऱ्याची वाट. लग्नसराई उन्हाळ्यात. दवाखान्याला तेवढा मोसम नसतो. एका कागदावर पुढच्या पाच वर्षांचे मोठे खर्च महिन्यासकट लिहा, आणि प्रत्येक रकमेच्या पुढं तो महिना टाका. मगच योजनेचं नाव काढा.

काकूंच्या कागदावर जूनमध्ये फी आणि पेरणी मिळून पन्नास हजार निघाले. मार्च ते जून तीन महिने. एवढ्यासाठी बचत खातं आणि छोट्या मुदतीची एफडी यांत फरक पडतो सरासरी तीनशे रुपयांचा. त्या तीनशेसाठी डोकं लावू नका. पण मी त्यांना एफडीच करायला लावली, कारण एफडीतला पैसा मेहुण्याला "सध्या अडकलाय" असं सरळ तोंडानं सांगता येतं.

मग कुठं, ते ठरवू

पुढचे दर जानेवारी २०२४ पासून २०२५ अखेरपर्यंत एकही न बदलता चालत आलेले आहेत. सरकार दर तीन महिन्यांनी नवे दर जाहीर करतं, म्हणून पैसे भरायच्या दिवशी खिडकीवर एकदा विचारा. बँकांचं तसं नाही. रिझर्व्ह बँकेनं २०२५ च्या फेब्रुवारी ते डिसेंबरमध्ये रेपो दर (ती बँकांना ज्या दरानं पैसे देते तो) साडेसहावरून सव्वापाचवर आणला आणि त्यामागं एफड्यांचे दर घसरले. पोस्टाचे तिथंच राहिले. आज पोस्ट बँकेपेक्षा वरचढ दिसतं ते त्यामुळं.

वर्षभरात लागणारा पैसा: बँकेची एफडी किंवा पोस्टाची एक वर्षाची टीडी, ६.९ टक्के. बँकेची एफडी मधेच मोडता येते, अर्धा ते एक टक्का कापतात. पोस्टाची टीडी पहिले सहा महिने मोडताच येत नाही, आणि वर्षाच्या आत मोडली तर बचत खात्याचे चार टक्केच मिळतात. त्यामुळं "लागला तर लागेल" असा पैसा बँकेत, आणि "वर्षभर नक्की लागत नाही" असा पोस्टात.

दोन-तीन वर्षांचा पैसा: टीडी दोन वर्षांना ७, तीनला ७.१. इथं मी एक सोपी गोष्ट सुचवते. सगळी रक्कम एकाच पावतीत घालू नका. साठ हजार असतील तर वीस-वीसच्या तीन करा, एक वर्षाची, दोनची, तीनची. दरवर्षी एक सुटते. अडचण आली तर एकच मोडावी लागते, बाकीच्यांचं व्याज शाबूत राहतं.

पाच वर्षं हात न लावायचा पैसा: इथं टीडी ७.५ आणि एनएससी ७.७. टीडीचं व्याज दरवर्षी बचत खात्यात येतं, दहा हजाराला ७७१ रुपये. ते उचललं नाही तर तिथंच निजून राहतं, त्यावर टीडीचं व्याज चढत नाही. एनएससीचं व्याज आतच जमा होत जातं आणि एक लाखाचे पाच वर्षांनी १,४४,९०० येतात. पण एनएससी मधे मोडत नाही. खातेदार वारला, कोर्टाचा हुकूम आला, असं काही असेल तरच. अडीनडीला ती बँकेत तारण ठेवून कर्ज मिळतं, एवढाच दिलासा. पाच वर्षांच्या टीडीचे मोडण्याचे नियमही २०२३ मध्ये कडक झालेत, म्हणून तिलाही न मोडायचा पैसाच समजा. कोरडवाहू शेतीवरच्या घरानं सगळी रक्कम एनएससीत घालणं मला पटत नाही. दोन वर्षं पाऊस दगा देतो, हे आपल्याकडं नवीन नाही. नोकरदाराची गोष्ट वेगळी.

नोकरदारांसाठी एवढंच: एनएससी "टॅक्स वाचवते" ते जुन्या करपद्धतीत. नव्या पद्धतीत लोक ज्याला ८० सी म्हणतात ती गुंतवणुकीवरची सूट नाही, आणि बरेच मास्तर लोक नव्या पद्धतीत गेलेत. टॅक्स वाचणारच नसेल तर त्या नावावर पाच वर्षं पैसे अडकवायचे कामून?

किसान विकास पत्र ११५ महिन्यांत दुप्पट होतं, म्हणजे नऊ वर्षं सात महिने. अडीच वर्षांनंतर मोडता येतं. पोरगी दुसरी-तिसरीत असेल आणि पैसा तिच्या बारावीनंतरसाठी हवा असेल तर बरं. पण पोरगी दहा वर्षांच्या आतली असेल तर आधी सुकन्या समृद्धी योजना बघा. ८.२ टक्के, वर्षाला २५० पासून दीड लाखापर्यंत, पंधरा वर्षं भरायचं. आरडीच्या रकमेतून दरवर्षी थोडं थोडं तिकडं वळवता येतं.

महिन्याला घरखर्चाला पैसे हवे असतील तर एमआयएस. ७.४ टक्के, एका लाखाला महिना ६१७ रुपये, एकट्याच्या नावावर नऊ लाखांपर्यंत आणि जोडनावावर पंधरा लाखांपर्यंत.

आणि ज्यावर मला छदाम मिळत नाही ती. घरात साठी पूर्ण झालेलं माणूस असेल तर ज्येष्ठ नागरिक बचत योजना, ८.२ टक्के, तीस लाखांपर्यंत. एक लाखाला दर तीन महिन्यांनी २,०५०. वर्षानंतर मोडली तर दीड टक्का कापतात, दोन वर्षांनंतर एक टक्का. तिमाहीचं व्याज उचललं नाही तर त्यावर व्याज मिळत नाही, म्हणून ते बचत खात्यात जमा होईल असं खातं उघडतानाच लिहून द्या. काकूंचे एक लाख इथं गेले, काकांच्या नावावर, जोडनाव काकूंचं. जोडनाव नवरा-बायकोचंच चालतं. काकूंनी साठवलेले पैसे काकांच्या नावावर जाणार हे त्यांना जरा खटकलं, आणि खटकायलाच पाहिजे होतं. जोडनाव नसतं तर मीच नको म्हटलं असतं.

म्युच्युअल फंडाबद्दल पोरं विचारतात. सात-आठ वर्षं लागणार नाही असा पैसा असेल आणि मधे तो पंचवीस टक्क्यांनी कमी दिसला तरी झोप उडणार नसेल, तर एसआयपी करा, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम घाला. आरडीची पूर्ण रक्कम एकदम घालू नका. विमा आणि बचत एकाच कागदात बांधणाऱ्या पॉलिसीबद्दल मी बोलत नाही, माझे चुलतभाऊ त्याच धंद्यात आहेत.

पाटीवर काय लिहिलंय ते वाचा

बारा टक्के कुणी देत असेल तर तो पैसा कुठं लावून तुम्हाला बारा देतो, हा प्रश्न विचारा. सरकारला दुप्पट करायला नऊ वर्षं सात महिने लागतात. पाच वर्षांत दुप्पट म्हणणारा वर्षाला पंधरा टक्क्यांच्या आसपास कबूल करतोय. एवढं देण्यासाठी त्याला पुढं त्याहून महाग कर्ज वाटावं लागतं, आणि असं महाग कर्ज घेणारा परत करीलच याची खात्री कुणाला?

माझ्या आईचे साडेतीन लाख असेच गेलेत. मी एजंट, माझ्या पिशवीत पोस्टाचे फॉर्म, आणि आई मला न सांगता शेजारणीच्या नादानं एका मल्टिस्टेटात, म्हणजे अनेक राज्यांत चालणाऱ्या क्रेडिट सोसायटीत, ठेवून आली. एसी ऑफिस, पाणी विचारणारी मुलगी, ठेवीवर स्टीलचा डबा भेट. पासबुक अगदी शेवटच्या महिन्यापर्यंत व्याजासह छापून मिळत होतं, याचं मला अजून नवल वाटतं. मग एका सोमवारी शटर खाली, त्यावर चिकटवलेला कागद, आणि रस्त्यावर दीडदोनशे माणसं. कागदावर लिहिलं होतं, "सर्व्हर बंद असल्याने व्यवहार बंद राहतील." तो डबा आई अजून वापरते. २०२३-२४ मध्ये बीड, जालना, संभाजीनगर भागात अशा मल्टिस्टेटच्या ठेवीदारांनी किती मोर्चे काढले ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

फरक समजून घ्या. बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना असतो. सरकारी बँक असो, खासगी असो, ग्रामीण बँक असो, नागरी सहकारी असो की जिल्हा मध्यवर्ती, ठेव विमा महामंडळाकडं विमा काढलेल्या बँकेत एका माणसाचे एका बँकेतले पाच लाख, मुद्दल आणि व्याज धरून, सुरक्षित असतात. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा पाच लाख झाली, त्याआधी एक लाख होती. एकाच बँकेच्या दोन शाखांत ठेवले तरी ते एकच मोजतात, म्हणून वाटून ठेवायचे तर दोन बँकांत ठेवा. पतसंस्था आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीला हा विमा नाही. पतसंस्था राज्याच्या १९६० च्या सहकार कायद्याखाली येते, मल्टिस्टेट केंद्राच्या २००२ च्या कायद्याखाली, आणि तिचा निबंधक दिल्लीत बसतो. औशाहून दिल्लीला तक्रारीला कोण जाणार? पोस्टातल्या बचत योजनांच्या मागं थेट केंद्र सरकार असतं, तिथं पाच लाखांची मर्यादाही नाही.

म्हणून पाटी वाचा. 'बँक' आहे, की 'पतसंस्था', 'क्रेडिट सोसायटी', 'निधी' असं काही? जुनी माणसं अजून स्टेट बँकेच्या कित्येक शाखांना "हैदराबाद बँक" म्हणतात. ती बँक २०१७ मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली, पण नाव तोंडातून जात नाही. तोंडातल्या नावावर जाऊ नका, पावतीवर छापलेलं नाव बघा.

सगळ्याच पतसंस्था बुडव्या असतात असं मी म्हणत नाही. गरजेला दोन दिवसांत कर्ज देणारी गावातली पतसंस्था हवीच असते. तिथं रोजची पिग्मी, थोडा व्यवहार, ठीक. पाच वर्षांचा घाम तिथं नको.

पोस्टात जायच्या दिवशी

आधार, पॅन, आरडीचं पासबुक, दोन फोटो, बचत खात्याचं पासबुक. अल्पबचत खात्यांना एप्रिल २०२३ पासून आधार आणि पॅन लागतं, त्यामुळं २०२१ च्या जुन्या खात्यांत आधार जोडलेलं नसेल तर मुदत भरायच्या महिनाभर आधीच जोडून घ्या. नाव जुळतंय का ते बघा. काकूंच्या पासबुकावर नावापुढं "बाई" होतं आणि आधारवर नव्हतं. दोन अक्षरांसाठी दोन चकरा झाल्या.

बंद करायच्या फॉर्मवर रक्कम, खाते नंबर आणि पैसे कुठल्या खात्यात जाणार, हे भरल्याशिवाय सही किंवा अंगठा करू नका. माझ्यासारखी चौदा वर्षं ओळखीची एजंट म्हणाली, "सही करून ठेवा, मी भरते," तरी करू नका. वीस हजार किंवा त्यावरची रक्कम रोख मिळत नाही, बचत खात्यात जमा होते किंवा चेक मिळतो. तेव्हा "मी रोख आणून देतो" म्हणणाऱ्याला पहिलं विचारा, कशी आणणार ते.

वारसाचं नाव प्रत्येक नव्या खात्यावर वेगळं लावावं लागतं, आरडीवरचं आपोआप पुढं येत नाही. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावं लावता येतात. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, पैसे स्वीकारायचा अधिकार. भावाभावांत वाटणी कशी, ते मृत्युपत्रानं किंवा वारसा कायद्यानं ठरतं.

टीडीएसला, म्हणजे व्याजातून आधीच कापल्या जाणाऱ्या कराला, लोक उगाच घाबरतात. वर्षाचं व्याज पन्नास हजारांच्या आत असेल, ज्येष्ठांचं एक लाखाच्या आत, तर कापत नाहीत. दोन-तीन लाखांच्या ठेवीवर एवढं व्याज होतच नाही. जास्त होत असेल आणि एकूण उत्पन्नावर कर बसत नसेल, तर लोक ज्याला १५ जी किंवा १५ एच म्हणतात तो फॉर्म वर्षाच्या सुरुवातीला द्या.

रिकामा झालेला हप्ता

रकमेचं जमलं तरी एक गोष्ट राहते. साठ महिने दर महिन्याला बाजूला पडणारे तीन हजार आता मोकळे झाले. दोन महिन्यांत ते किराण्यात आणि रिचार्जमध्ये विरघळतात, आणि मग नवी आरडी सुरू करायला जड जातं. म्हणून जुनी बंद करायची त्याच दिवशी नवी उघडायची.

काकूंचा हिशेब असा लागला: चाळीस हजार उसनवारी, पन्नास हजार जूनसाठी, एक लाख ज्येष्ठांच्या योजनेत, उरलेले १९,०९० बचत खात्यात दवाखान्यासाठी. सावकाराचे महिना बाराशे वाचले ते जुन्या तीन हजारांत मिळवले आणि ४,२०० ची नवी आरडी ६.७ नं.

तारखेचा एक बारकावा आहे. महिन्याच्या १५ तारखेपर्यंत उघडलेल्या आरडीचा हप्ता दर महिन्याला १५ च्या आत भरावा लागतो. १६ नंतर उघडली तर महिनाअखेरपर्यंत वेळ मिळतो. काकूंचं दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं, आणि महिन्याचं पहिलं बिल पेंडीतच जातं. जुनी आरडी ९ तारखेची होती, त्यामुळं पाच वर्षं दर महिन्याला त्यांची आणि माझी १४-१५ ला धावपळ. जुनीची मुदत ९ ला भरली, पैसे मात्र आम्ही १८ ला काढले आणि नवी त्याच दिवशी उघडली. आता दुसरं बिल आल्यावर, २२ ला सकाळी मी त्यांच्या दारात जाते. या वेळी पासबुक त्यांनी स्वतःकडंच ठेवलंय, मला फक्त कार्ड दाखवतात.